सर लेकराला बाई बघतात

सर बायोलॉजी शिकवतात. नांदेडात एवढं सांगितलं की पुढचं विचारावं लागत नाही. क्लास भाग्यनगरच्या बाजूला, आणि बाहेर मागच्या वर्षी ‘लागलेल्या’ पोरांचा फ्लेक्स. लातूरनं शाहू आणि दयानंद कॉलेजातून पॅटर्न काढला, नांदेडनं त्याच्या गल्ल्या वसवल्या. या गल्ल्यांनी डॉक्टर किती घडवले ते फ्लेक्सवर असतं. सरांसारखी माणसं किती घडवली त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. जगात जे काही निवडायचं ते चाळणी परीक्षेनंच, असं मानणारी ही जात. सर दुकानात चप्पल घेतानाही चार जोड समोर मांडतात आणि आधी दोन बाद करतात.

अशा माणसाला लेकरू सांभाळायला बाई पाहिजे होती.

मॅडम मुदखेडच्या पुढं झेडपीच्या शाळेवर. बाळंतपणाची रजा संपलेली. राज्य सरकारनं 2018 साली महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली, ती शिल्लक होती. पण लेकरू अठरा वर्षांचं होईपर्यंत ती घेता येते, हे सरांनी शासन निर्णय वाचून हेरलं आणि सगळी राखून ठेवायला लावली. ‘नीटच्या वर्षी घरात माणूस पाहिजे.’ लेकरू तेव्हा सात महिन्यांचं होतं. नुकतं पालथं पडायला लागलं होतं.

सरांची आई लोह्याकडून आली होती. तिनं नातवाच्या डोळ्यांत काजळ घातलं. सरांनी तिला बसवून काजळातल्या शिशाचे शरीरावर होणारे परिणाम शिकवले, अगदी फळ्यावर आकृती काढून. मुद्दा खरा होता, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं म्हातारी गावी गेली, ती ‘सोयाबीन काढायचंय’ म्हणून. सोयाबीन तेव्हा पेरलंही नव्हतं.

मग मुलाखती सुरू झाल्या. गल्लीत भांडी घासणाऱ्या बायकांनी निरोप पोचवला आणि रविवारी सरांच्या हॉलमध्ये उमेदवार बसले. आधार कार्ड, दोन फोटो, पोलीस पडताळणी, आधीच्या घरचा फोन नंबर, अशी यादी दाराशीच. मार्किंग नीटचंच: बरोबर उत्तराला चार, चुकलं तर उणे एक. लेकराला ताप आला तर काय कराल? एकीनं ‘अंगारा लावीन’ म्हटलं आणि ती खात्यात देणं घेऊन उठली. दुसरी सगळ्याला ‘हो’ म्हणत गेली. सरांना तिचा संशय आला, कारण सगळ्याच प्रश्नांना एकच पर्याय निवडणारी पोरं त्यांनी पाहिलेली. तिसरीनं पगार विचारला. पगाराचा प्रश्न पेपरात नव्हताच. क्लासची फी लाखाच्या घरात घेणाऱ्या माणसाचा आवाज या मुद्द्यावर एकदम खाली येतो. ‘ते बघू की,’ सर म्हणाले, ‘घरच्यासारखंच राहायचंय.’ तिसरी घरी गेली.

बिलोलीच्या मावशी आल्या त्या दुपारी मी तिथं होतो. शेजारी या नात्यानं मला पॅनलवर घेतलं होतं. मावशी खुर्चीवर बसल्या नाहीत. खाली फरशीवर मांडी घातली, पदरानं तोंड पुसलं आणि पाणी मागितलं.

सरांनी प्रस्तावना केली. संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांच्यापासून. लेकरू सांभाळणं हे नुसतं काम नाही, इतिहास घडतो त्यातून, वगैरे. धाराऊंची मुलं अंतोजी-रायाजी, राजांचे दूधभाऊ, त्यांच्या चाकरीत राहिले, हेही सांगितलं.

मावशींनी नीट ऐकून घेतलं. ‘मंजे तिच्या लेकरांला राजानं कामाला लावलं मना की.’

‘हो, तसंच.’

‘मग माझा बी एक बारावी होऊन घरी बसलाय. तुमच्या किलासात चिकटवा.’

सरांनी वहीत काहीच लिहिलं नाही. या उत्तराला किती गुण, हे ठरेना.

तेवढ्यात आत लेकरू उठलं आणि त्यानं भोंगा लावला. मॅडम उठेपर्यंत मावशी आत. बाहेर आल्या त्या ‘याला न्हाऊ घातलं न्हाई का आज?’ विचारतच. मोरीत पाट मांडला, पाय लांब केले, लेकरू नडग्यांवर पालथं घेतलं, कोपर बुडवून पाणी पाहिलं, आणि डाव्या हातानं त्याचं कपाळ धरून उजव्या हातानं तांब्या असा ओतला की डोळ्यांत थेंब गेला नाही. सर दारात मोबाईलवर वेळ लावून उभे. लेकरू एकदाही रडलं नाही, उलट मोरीतल्या पाण्याकडं बघत हुंकार देत होतं.

‘तुमी काय मोजू लालाव सर?’

‘काही नाही.’

मावशी पास झाल्या, असं सरांचं म्हणणं. मला तर परीक्षा सरांचीच वाटली, कारण अटी मावशींनी घातल्या. येळवशीला दोन दिवस गावी, पोरगी निलंग्याकडं दिलीय तिथं शेतात जेवायला जावं लागतं. महालक्ष्म्यांचे तीन दिवस. माळेगावची यात्रा. नवरात्रात एक दिवस माहूर. धुणं-भांडी करणार नाही, एकदा लेकरू घेतलं की लेकरूच. मॅडम मान डोलवत गेल्या. त्यांना सोमवारी साडेनऊला निघायचं होतं.

शेवटी मावशींनी पिशवीतून चौघडी केलेला कागद काढला. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे. त्यात नाव नोंदवायला, काम कुठं करता याचा मालकाचा दाखला लागतो. त्यावर सही पाहिजे होती.

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. समोरच्या बाईकडून इतके कागद मागणाऱ्या माणसानं तो एक कागद असा धरला, जणू आयकराची नोटीस. ‘मालक वगैरे कशाला लिहायचं? घरच्याच आहात तुम्ही.’

‘घरची हाय तर सई करायला काय जातंय?’ मावशी म्हणाल्या. ‘ठिवा. एक महिना बगते घर कसंय ते. मग सांगते.’

संध्याकाळी सर माझ्याकडं आले. जाताना मावशी तुमच्या दारात थांबल्या होत्या ना, काय म्हणत होत्या?

‘तुमची चौकशी करत होत्या. पैसे वेळेवर देतात का, असं विचारलं.’

‘मग? काय सांगितलं तुम्ही?’

‘द्यायचं माहीत नाही म्हटलं. फी मात्र वेळेवर घेतात.’