मेणाचं फडकं

"वहिनी, ऐकलं का? समोरच्या सूनबाईंनी मेणाची फडकी ऑनलाइन मागवली. उरलंसुरलं झाकायला! किंमत ऐकल्यापासून सासूबाईंनी अबोला धरलाय."

"अय माय! आणि तुमच्याकडून सकाळी मेणाचा वास येत होता, तो कशाचा?"

"त्याचाच! धुळ्याच्या नणंदेने शिकवलं. तिच्याकडे शिरपूरच्या बाजूने सातपुड्यातला मध येतो, त्याबरोबर मेणही. जुन्या सुती साडीचा तुकडा घ्यायचा, खळ पार गेलेला. टेरिकॉट नको, ते मेण पीत नाही. खाली-वर बटर पेपर, मध्ये फडकं, त्यावर किसलेलं मेण, चार थेंब खोबरेल आणि वरून मंद इस्त्री. मेण 62 ते 64 अंशांवर वितळतं. कागदातून बघत राहायचं. भिजल्यासारखा गडद डाग काठाकडे सरकत जातो. कुठे कोरं राहिलं तर तिथे आणखी चिमूटभर. मग दोन टोकं धरून हवेत हलवलं की झालं."

"दिवाळीच्या मेणबत्त्या उरल्यात हो माझ्याकडे."

"छे, ते पॅराफिन. खनिज तेलातून निघतं. मधमाशीचंच हवं."

"मग ह्यांच्या डब्याची भाकरी यातच बांधू?"

"गरम नको, मेण सुटेल. कळण्याच्या भाकरीला आपलं साधं फडकंच बरं. हे काकडीला, अर्ध्या कांद्याला, नाहीतर वाटीवर. हाताच्या उबेने दाबलं की काठाला चिकटून बसतं. मटण-मासळीला मात्र अजिबात नाही, कारण धुवायचं गार पाण्याने."

"गार पाणी? मे महिन्यात? आपल्या टाकीच्या पाण्यात चहा होतो!"

"तीच तर गोम आहे. पारा 44-45 वर गेला की फडकं लिबलिबीत होतं, भांड्याला मेण लागतं. पुण्या-मुंबईच्या बायकांना हे कोण सांगणार! मी होळीनंतर घडी करून फ्रीजमध्ये टाकणार, मृगानंतर बाहेर."

"तोवर पेपर?"

"पेपर नको, शाई खाण्यात उतरते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 सालीच बजावलंय, तरी आपली भजी अजून कालच्या बातम्यांतच! त्याच साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. केळीचं कौतुक झालं, पान मात्र बांधावरच. रावेर-यावलकडे घड कापला की पानं नुसती पडून असतात. आचेवरून एकदा फिरवलं की पान मऊ पडतं, दुमडलं तरी चिरत नाही. पुन्हा वापरता येत नाही, पण गाईला तर घालता येतं."

"हे बरं सांगितलंत. मेण उरलंय का थोडं?"

"आहे की. सुती साडी काढून ठेवा, दुपारी करू. फक्त भरीत त्यात बांधू नका, तेलाने फडकं वाया जातं. भरिताला स्टीलचा डबाच हवा."