ट्रकमीमांसक

डॅलसच्या उत्तरेस प्लेनो, फ्रिस्को या उपनगरांतून जी सुखवस्तू मराठी वस्ती स्थिरावली आहे, तिच्यात एक गृहस्थ हमखास आढळतात. घराचे हप्ते संपत आले आहेत, मुले कॉलेजात गेली आहेत, ग्रीन कार्डाची चिंता मिटली आहे आणि रक्तदाबाची गोळीही मुक्रर झाली आहे, अशा कृतकृत्य अवस्थेला पोचलेल्या या गृहस्थांच्या आयुष्यात आता एकच मोठा फैसला बाकी उरलेला असतो, आणि तो म्हणजे पिकअप ट्रक घ्यावयाचा तो मध्यम आकाराचा की पूर्ण आकाराचा. मुळात घ्यावयाचाच कशाला, असे विचारण्याचे धाडस नवख्याने करू नये. टेक्सासात राहून ट्रक न बाळगणे म्हणजे पंढरपुरात राहून टाळ न बाळगणे, असे सांगून ते त्या प्रश्नाची बोळवण करतात. स्वतः मात्र ते गेली कित्येक वर्षे टाळाविनाच आहेत.

वास्तविक हे गृहस्थ कचेरीत डेटाबेस सांभाळतात, आणि आजवर त्यांनी वाहून नेलेला सर्वांत अवजड माल म्हणजे मंडळाच्या गणेशोत्सवातील मसालेभाताचे ट्रे होत. तथापि विचार करावयाचा तो प्रत्यक्ष ओझ्याचा नव्हे, संभाव्य ओझ्याचा, हे त्यांच्या दर्शनाचे आद्य सूत्र असून, आठ बाय चारची प्लायवुडची शीट हे त्यातील परम प्रमाण आहे. एफ-१५०, सिल्व्हराडो, रॅम या पूर्णाकृतींच्या हौद्यात ही शीट दोन्ही बाजूंच्या चाकांवरील उंचवट्यांमध्ये सपाट निजते, तर टॅकोमा, कोलोराडो या मध्यमांच्या हौद्यात तिला त्या उंचवट्यांवर अधांतरी टेकावे लागते, हा भेद ते मोक्ष आणि बंध यांच्या भेदाइतक्या गांभीर्याने विशद करतात. त्यांनी आयुष्यात प्लायवुडची एकही शीट विकत घेतलेली नाही, ही गोष्ट या विवेचनात गैरलागू समजावी.

इतक्यावर निकाल पूर्णाकृतीच्या बाजूने लागावा. पण तेथे गॅरेज आडवे येते. गॅरेजची खोली २० फूट, चार दारांच्या एफ-१५०ची लांबी १९ फुटांहून अधिक, आणि मागच्या भिंतीशी वॉटर हीटर व बासमतीच्या गोण्या. दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी पत्नीस टेपचे दुसरे टोक धरण्याचा हुकूम होतो, ती माउली ‘अहो, भिंत काही सरकलेली नाही’ असे सांगते, आणि तरीही मोजणी नव्याने रुजू होते. बरे, मध्यमाच्या बाजूने कौल द्यावा, तर किमतीतील तफावत वरच्या श्रेणीची सीट आणि चारही चाकांना ओढ घालता घालता विरून जाते, आणि गॅलनमागे मैलांचा हिशेब मांडला तर लाभ जेमतेम दोन-तीन मैलांचा निघतो. एवढ्यासाठी मध्यम मार्ग पत्करावा काय, या विवंचनेत सोमवार उजाडतो.

त्यातच त्यांना कोणी तरी ट्रकच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचावयास शिकवले आहे. त्या चिठ्ठीवरचा कमाल भाराचा आकडा माल आणि माणसे या दोहोंना मिळून असतो, हा शोध लागल्यापासून या गृहस्थांच्या घरी पाहुणचारास जाणे जिकिरीचे झाले आहे; सासूबाई भारतातून आल्या तेव्हा त्यांच्या वजनाची जी सविनय चौकशी झाली, तिचे प्रायश्चित्त अद्याप चालू आहे.

इतिहासातही त्यांची गती दांडगी. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी अमेरिकन कोंबड्यांवर जबर जकात बसवली, म्हणून टेक्सासच्याच लिंडन जॉन्सन यांनी अध्यक्षपदावरून परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात बसवली, ती १९६४ पासून आजतागायत उठलेली नाही, आणि त्यामुळेच बाहेरचे छोटे, सुटसुटीत ट्रक आपल्या दारी येत नाहीत, हे आख्यान स्वतः कट्टर शाकाहारी असलेले हे गृहस्थ श्रीखंड वाढून घेत असतानाही लावतात. माझ्या मते त्यांच्या सगळ्या प्रवचनांत ऐकण्यासारखे एवढेच. शरद ऋतूत फेअर पार्कात टेक्सासची जत्रा भरते, तेव्हा कुटुंबीय मंडळी ५५ फुटी बिग टेक्स पुतळ्याच्या पायाशी छायाचित्रे काढीत असता, हे वाहनप्रदर्शनातील प्रत्येक ट्रकचा फाळका पाडून, त्यावर बसून, दोनदा हलून, मौनपूर्वक उतरतात. विक्रेते आता त्यांना ओळखतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

गेल्या गणेशोत्सवात मात्र अघटित घडले. मखरासाठी खरोखरीच प्लायवुड हवे झाले, आणि पत्नीने कोणासही न विचारता घरच्या ओडिसी मिनिव्हॅनची मधली आसने काढून, मागची खाली दुमडून, सबंध शीट आडवी घालून, वर दार लावून आणली. गृहस्थांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, बंद दार दोनदा उघडून पाहिले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “शीट येईल. पण ओली माती येईल का यातून?”

“आपल्याला माती लागते कुठे?”

“लागली तर?”

परसात वांग्या-मिरच्यांचे वाफे घालण्याची तजवीज त्याच सायंकाळी सुरू झाली. एक घन यार्ड ओली माती दोन हजार पौंडांच्या सहज पुढे जाते, आणि हा आकडा मध्यमांना तर नाहीच, बहुतेक पूर्णाकृतींनाही झेपणारा नाही, असे तपासाअंती निष्पन्न झाल्यामुळे जुना वाद सध्या तहकूब असून, गृहस्थ त्याहून दणकट एफ-२५०ची माहितीपत्रके मागवून बसले आहेत. टेप पुन्हा बाहेर निघाली आहे.