तोट्याचे उत्पादन आणि वाहतूक

तोटा जमिनीत सापडत नाही. तो कार्यालयात, कागदावर, पुरेसे मनुष्यबळ लावून तयार करावा लागतो. ग्रामीण डाकघर बंद करू इच्छिणाऱ्या कोणत्याही शासनाला या उत्पादनापासूनच आरंभ करावा लागतो, कारण तोट्यात नसलेले डाकघर बंद करणे सभ्य देशांत अशिष्ट मानले जाते. तयार झालेला तोटा पुढे कोठे जातो, हा प्रश्न अर्थातच अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

या शास्त्राचा पाया पक्का करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने प्रथम अमेरिकेकडे वळावे, कारण तेथे साक्षात कायदाच आडवा आलेला असतानाही शास्त्राने माघार घेतली नाही. अमेरिकेच्या टपाल खात्याची पुनर्रचना करणाऱ्या १९७० च्या कायद्याने आपल्या पहिल्याच कलमांत असे बजावून ठेवले की, ज्या खेड्यांत आणि लहान गावांत डाकघर स्वतःच्या उत्पन्नावर चालू शकत नाही तेथेही नियमित आणि परिणामकारक सेवा द्यावी लागेल, आणि केवळ तोट्यात चालते म्हणून कोणतेही लहान डाकघर बंद करता येणार नाही. सामान्य बुद्धीच्या प्रशासकाने एवढ्यावर हात टेकले असते. तथापि कायद्याला एकटा तोटा चालत नसल्याने त्याच्या सोबतीला आणखी एखादे कारण उभे करणे, आणि तोटाच इतका प्रचंड करून ठेवणे की त्यापुढे कायद्याचे कलम वाचण्याचे भान कोणाला उरू नये, असे दोन मार्ग शास्त्राला मोकळे होते.

दुसरा मार्ग २००६ च्या डिसेंबरात खुला झाला. त्या वर्षी संमत झालेल्या कायद्याने टपाल खात्यावर असे बंधन घातले की, आपले कर्मचारी पुढे केव्हातरी निवृत्त झाल्यावर त्यांच्या आरोग्यविम्यावर जो खर्च होईल, त्याची तरतूद आजच करून ठेवावी आणि त्यासाठी दहा वर्षे दरसाल सुमारे साडेपाच अब्ज डॉलर बाजूला काढावेत. भविष्याची इतकी काळजी अन्य सरकारी खात्यांना सहसा करावी लागत नव्हती, हा टपाल खात्याचा विशेष सन्मान समजायला हवा. परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला. २०१२ साली खात्याने १५.९ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर केला, त्यापैकी ११.१ अब्ज डॉलर हे या तरतुदीचे थकलेले दोन हप्ते होते. म्हणजे तोट्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग पत्रे वाटण्यात झालेला नसून कायदा पाळता न आल्यामुळे झाला होता. २०२२ च्या एप्रिलमध्ये हे बंधन नव्या कायद्याने रद्द झाले आणि अब्जावधी डॉलरची थकबाकी एका स्वाक्षरीसरशी हवेत विरली. दरम्यानच्या काळात मात्र तिने आपले काम चोख केले होते.

ते काम म्हणजे २०११ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झालेली यादी. सुमारे ३२,००० डाकघरांपैकी जवळजवळ ३,७०० डाकघरे बंद करावीत काय याचा ‘अभ्यास’ करण्याचे खात्याने जाहीर केले, आणि त्यांतील बहुसंख्य डाकघरे खेड्यांतली होती. ती सगळी बंद झाल्यास वर्षाला सुमारे २० कोटी डॉलर वाचतील असा अंदाज होता. खात्याचा वार्षिक खर्च ७० अब्ज डॉलरच्या आसपास असल्याने ही बचत शंभर रुपयांत तीस पैशांच्या घरात पडत होती. तीस पैशांसाठी ३,७०० गावांत सभा भरवणे, प्रश्नावल्या छापणे आणि त्या टपालाने पाठवणे यात किती पैसे गेले, याचा हिशेब कोणी मागितला नाही, आणि तो मागणे औचित्याला धरूनही झाले नसते.

डाकघराची कुवत कशी मोजली, हे समजून घेण्यासारखे आहे. खिडकीवर किती विक्री झाली आणि दिवसाकाठी किती तासांचे काम निघाले, हे यादी करताना मुख्यतः पाहिले गेले. दिवसाला दोन तासांहून कमी काम असलेली डाकघरे साहजिकच प्रथम नजरेत भरली. पत्राच्या तिकिटाचे पैसे ते धाडणारा आपल्या गावी भरतो आणि ते पत्र पोहोचवण्याचे श्रम भलत्याच गावी होतात, ही टपालव्यवहाराची मूळ रचना आहे. शहरे पाठवतात आणि खेडी स्वीकारतात. त्यामुळे विक्रीच्या रकान्यात शहर कर्तबगार दिसते आणि खेडे ऐतखाऊ. वास्तविक न पोहोचणाऱ्या पत्रासाठी शहरातही कोणी तिकीट विकत घेतले नसते, पण हा विचार रकान्यात बसत नाही.

कायद्याने गावकऱ्यांना ६० दिवसांची पूर्वसूचना, आपले म्हणणे मांडण्याची संधी आणि निर्णयाविरुद्ध टपाल नियामक आयोगाकडे ३० दिवसांत दाद मागण्याचा हक्क दिला होता. या आयोगाला प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवता येत असे, निर्णय बदलता मात्र येत नसे. गावोगावच्या आक्षेपांना खात्याने जी उत्तरे दिली, ती या शास्त्राची खरी वाङ्मयीन संपदा होय. म्हाताऱ्या माणसांनी दूरच्या गावी कसे जायचे, या प्रश्नावर उत्तर असे की, पोस्टमन रस्त्यावरच्या पेटीत टपाल टाकणार असल्याने वृद्धांना आता डाकघरापर्यंत जाण्याचा त्रासच उरणार नाही. डाकघर गेल्यावर गावाची ओळखच पुसली जाईल, या आक्षेपावर उत्तर असे की, गावाची ओळख तेथील रहिवाशांच्या आस्थेतून, चैतन्यातून आणि ते गावाचे नाव वापरत राहतात यातून निर्माण होत असते. ही उत्तरे एकदा लिहिली गेली आणि गावांची नावे बदलून पुन्हा पुन्हा वापरली गेली, यावरून त्यांचे सार्वकालिक मूल्य ध्यानात येते.

याहून सुटसुटीत उपायही उपलब्ध होता. डाकघराच्या जागेचा भाडेकरार संपला किंवा पोस्टमास्तर निवृत्त झाला की सेवा ‘तात्पुरती स्थगित’ करायची. स्थगिती म्हणजे बंदी नव्हे, त्यामुळे पूर्वसूचना नको, सभा नको, अपील तर नकोच. अशी शेकडो डाकघरे वर्षानुवर्षे तात्पुरती स्थगित राहिली. कायद्याच्या दृष्टीने ती जिवंत होती आणि गावकऱ्यांच्या दृष्टीने त्यांच्या दाराला कुलूप होते. या दोन्ही दृष्टींचा समन्वय साधण्याची घाई कोणालाच नव्हती.

गावकरी मात्र ऐकेनात. खासदारांवर दडपण आले, डिसेंबर २०११ मध्ये बंदीला काही महिन्यांची स्थगिती मिळाली, आणि मे २०१२ मध्ये खात्याने नवी योजना पुढे केली, जिच्यात डाकघर बंद करण्याऐवजी सुमारे १३,००० ग्रामीण डाकघरांच्या खिडकीची वेळ दिवसाला सहा, चार किंवा दोन तासांवर आणायची होती. हा विरोधाचा विजय होता, आणि तो तसाच साजरा व्हायला हवा. मात्र दोन तास उघडे राहणारे डाकघर दोन तासांपुरताच धंदा करते आणि पुढच्या अभ्यासात त्याचे काम दोन तासांचेच भरते, ही सोयही त्या योजनेत आपसूक झाली होती.

ब्रिटनने आकड्यांच्या बाबतीत अधिक नेटकेपणा दाखवला. तेथे २००७-०८ मध्ये सुमारे २,५०० डाकघरे बंद करताना देशाच्या ९९ टक्के लोकसंख्येला तीन मैलांच्या आत डाकघर मिळेल असा निकष ठरवला होता, आणि प्रत्येक भागाला मत मांडायला सहा आठवडे दिले होते. उरलेला एक टक्का कोठे राहतो, हे सांगायला नकाशा लागत नाही. त्याच देशात पुढे असेही उघडकीला आले की, डाकघरांच्या हिशेबासाठी बसवलेली ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली स्वतःच चुकीचा हिशेब करून नसलेली तूट दाखवत होती, आणि त्या तुटीपायी ९०० हून अधिक डाकघर चालकांना अपहार, फसवणूक वा खोट्या हिशेबाच्या आरोपांखाली दोषी ठरवले गेले होते. काहींनी तुरुंगवास भोगला, कित्येकांनी घरदार विकून ती काल्पनिक रक्कम भरली. अमेरिकेत तोटा संसदेने निर्माण केला, ब्रिटनमध्ये ते काम यंत्राने केले. डाकघर चालवणाऱ्याला दोन्हीकडे तो खराच मानावा लागला. येथे उपहास करणाऱ्याचेही हात क्षणभर थबकतात.

भारतात हे शास्त्र अजून बाल्यावस्थेत आहे. देशातील दीड लाखाहून अधिक डाकघरांपैकी सुमारे ९० टक्के ग्रामीण भागात आहेत, आणि त्यांतील बहुतेक ‘शाखा डाकघरे’ आहेत. शाखा डाकघर म्हणजे मोठ्या डाकघराच्या हिशेबाला जोडलेले, दिवसातून चार-पाच तास चालणारे, बहुधा एका खोलीचे कार्यालय. ते चालवणारा शाखा डाकपाल हा ‘ग्रामीण डाक सेवक’ या वर्गात मोडतो, म्हणजे तो सरकारचे काम करतो पण पूर्णार्थाने सरकारी नोकर नसतो. कार्यालयासाठी जागा त्यानेच द्यायची असते आणि उदरनिर्वाहाचे दुसरे साधनही त्यानेच शोधायचे असते. जुलै २०१८ च्या सुधारणेनंतर चार तास काम करणाऱ्या शाखा डाकपालाचा मूळ भत्ता दरमहा १२,००० रुपयांपासून सुरू होतो. शिपाई नाही, पंखा असलाच तर घरचा. एवढ्या काटकसरीतून बचत काढायची म्हणजे अर्थशास्त्राची कसोटीच आहे.

शिवाय भारतीय नियमांनी एक गैरसोय आधीच करून ठेवली आहे. नवे शाखा डाकघर उघडताना त्याचे अपेक्षित उत्पन्न सर्वसाधारण ग्रामीण भागात खर्चाच्या किमान ३३.३३ टक्के आणि डोंगराळ, आदिवासी, वाळवंटी वा दुर्गम भागात किमान १५ टक्के असावे, असा दंडक आहे. याचा सरळ अर्थ असा की, ज्या डाकघराला जन्मतःच रुपयामागे पंचाऐंशी पैसे तोटा करण्याची परवानगी आहे, ते तोट्यात चालते असे पुढे कोणी सांगू लागला तर ती तक्रार न ठरता नियमपालनाचा दाखला ठरतो. ही अडचण दूर करण्यासाठी नियमावली कोणी वाचू नये एवढी दक्षता पुरेशी आहे.

कोकणाची पूर्वपीठिका या दृष्टीने उद्बोधक आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील कित्येक गावांच्या चुली मुंबईच्या गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पेटत, आणि या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेला मनीऑर्डरचेच नाव पडले. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपाने गिरणगावाचा कणा मोडेपर्यंत हा ओघ चालू होता. मनीऑर्डरचे कमिशन मुंबईत लालबाग-परळच्या खिडकीवर भरले जाई. घाटी, ओढे आणि पऱ्हे ओलांडून वाडीवाडीवर ती रक्कम नेणे, अंगठा घेणे, सोबत आलेल्या दोन ओळी वाचून दाखवणे आणि उत्तराच्या चार ओळी लिहून देणे ही कामे गावच्या पोस्टमनने करायची. गावच्या पोस्टाने त्या काळात काय कमावले, हे खिडकीवरच्या विक्रीने मोजू गेल्यास उत्तर दरिद्री येईल, आणि ते दरिद्री यावे म्हणूनच तसे मोजायचे असते.

मनीऑर्डरीचा काळ सरला. आज त्याच खोलीत निराधार योजनेचे मानधन, सुकन्या समृद्धीचे हप्ते, आवर्ती ठेव, ग्रामीण डाक जीवन विमा आणि २०१८ पासून टपाल बँकेचे व्यवहार होतात. अशा गावातील शाखा डाकघर बंद करून ते तालुक्याच्या डाकघरात ‘विलीन’ केले तर तोट्याचे काय होते, याचा माग काढणे मनोरंजक आहे. मानधन काढायला निघालेली साठीची बाई एसटीने तालुक्याला जाते. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. या सवलतींची भरपाई राज्य सरकारने परिवहन महामंडळाला द्यायची असते, आणि ती वेळेवर न मिळाल्याची महामंडळाची तक्रार सर्वश्रुत आहे. तेव्हा केंद्राच्या टपाल खात्याने वाचवलेला तोटा अर्ध्या तिकिटात एसटीत बसतो, महामंडळाच्या वहीत उतरतो, तेथून राज्याच्या थकबाकीत जातो, आणि वाटेत त्या बाईची एक दिवसाची मजुरी सोबत घेऊन जातो. परतीची गाडी चुकली तर वडाप जीपचे भाडेही त्यात जमा होते. टपाल खात्याच्या ताळेबंदातून मात्र तो निःसंशय नाहीसा झालेला असतो, आणि वित्तीय शिस्त म्हणतात ती हीच.

एवढ्या परिणामकारक निकषांचा उपयोग केवळ डाकघरांपुरता मर्यादित ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. १९५३ च्या नागपूर करारान्वये महाराष्ट्र विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन नागपुरास भरते, आणि ते विधिमंडळाचे शाखा कार्यालयच मानता येईल. नवे शाखा डाकघर जवळच्या डाकघरापासून किमान तीन किलोमीटर दूर असावे, ही नियमांतली आणखी एक अट ते सहज पूर्ण करते. उत्पन्न खर्चाच्या ३३.३३ टक्के असावे ही अट तपासू गेल्यास अधिवेशनाला तिकीट नसल्याने अडचण येईल, आणि विदर्भाला दुर्गम प्रदेश ठरवून १५ टक्क्यांची सवलत दिली तरी ती सुटणार नाही. कामाचे तास मोजायचे झाल्यास गोंधळामुळे तहकूब झालेला वेळ वजा करावा लागेल, आणि ती बेरीज दिवसाला दोन तासांच्या वर नेण्यासाठी अभ्यासकांना उदार व्हावे लागेल. विदर्भाच्या अस्मितेचा प्रश्न कोणी काढलाच, तर तेथील रहिवाशांची आस्था, चैतन्य आणि नाव वापरण्याची सवय यांचा हवाला देणारे उत्तर अमेरिकेतून तयार मिळेल. साठ दिवसांची पूर्वसूचना प्रत्येक सन्माननीय सदस्याला त्याच्या मूळ गावी पोहोचायला हवी. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टात विलीन झालेले असल्याने ती स्पीड पोस्टानेच धाडावी लागेल, आणि गावात ती नेऊन देणारा शाखा डाकपाल तोवर शिल्लक असेल, असे गृहीत धरून पत्त्यांची यादी करायला घ्यावी.