चार सेकंदांच्या कॉम्प्युटरच्या शिल्पकारास खुले पत्र

रा. रा. कारागीर भाऊ, मुक्काम जळगाव,

स. न. वि. वि.

आमच्या कॅबिनेटचं पॉवर बटण आत धसलं, म्हणून ते तुमच्या टेबलावर आणून ठेवलं. तुम्ही नवं बसवून दिलंत. तेही साधंसुधं नाही, कुलरला असतो तसा लाल दिव्याचा, खट्कन दाबला की दबलेलाच राहणारा स्विच. 'आता आयुष्यभर बघायचं काम नाही भाऊ,' असं वर बजावलंत. शब्दाला जागलात. स्विच ठणठणीत आहे, फक्त कॉम्प्युटर चालत नाही.

म्हणजे चालतो, पण चार सेकंद. पंखा फिरतो, स्क्रीनवर कंपनीचं नाव उमटतं आणि सगळं गप्प. तुमचं निदान मात्र तेवढंही थांबलं नाही. 'एसएमपीएस लोड घेत नाही.' वीज पुरवणारा तो डबा, म्हणजे एसएमपीएस, नवा बसला, तरी चारच सेकंद. मग रॅम काढून खोडरबरने घासली, मग 'मदरबोर्ड मारतोय', आणि शेवटी खापर जळगावच्या उन्हावर. आमचा मे महिना पंचेचाळीसच्या वर जातो हे कबूल, पण चार सेकंदांत कॉम्प्युटर आडवा करण्याइतकं कर्तृत्व त्या बिचाऱ्या उन्हाचंही नाही. लेक गमतीने स्विच झटकन खाली-वर करायची तेव्हा हेच यंत्र तासन्तास चालायचं. त्यावर तुमचं शास्त्रीय मत पडलं, 'नाटकं करतो.'

मग कॅबिनेट धुळ्याला भाच्याकडे नेलं. झाकण उघडताच तो म्हणाला, 'मामा, हाई काय करेल शे?' त्याने तुमच्या स्विचची पिन मदरबोर्डवरून उपटली आणि पेचकसच्या टोकाने तिथल्या दोन काड्या क्षणभर जुळवल्या. कॉम्प्युटर सुरू झाला, तो आम्ही जेवून उठलो तरी सुरूच.

भाऊ, या बटणाचं काम दारावरच्या बेलच्या बटणाचं. दाबायचं, सोडायचं. त्यातून मदरबोर्डला नुसता इशारा जातो. मग मदरबोर्ड एसएमपीएसची हिरवी तार ग्राउंडला जोडतो आणि पुढची वीज सुरू होते. बटण चार सेकंद दाबून धरलं तर 'अडकलोय, जबरदस्तीने बंद कर' असा त्याचा अर्थ. तुमचा स्विच तो हुकूम दर वेळी इमाने इतबारे पाळत होता. लाल दिवाही कधी लागला नाही, कारण तो निऑन २३० व्होल्टचा आणि त्या काड्यांवर पाच व्होल्टच्या वर काही नसतं. तेव्हाही तुम्ही दिव्यालाच 'फॉल्टी' ठरवलंत.

तुमची बाजूही मांडतो. जुन्या एटी कॅबिनेटमध्ये घरातली वीज खरोखरच पुढच्या बटणातून जायची आणि तिथे असाच दबून राहणारा स्विच लागायचा. विंडोज ९५ शेवटी पडद्यावर सांगायची की आता बंद करायला हरकत नाही, मग माणूस हाताने बटण दाबायचा. पण नुसत्या इशाऱ्यावर चालणारं एटीएक्स इंटेलने आणलं १९९५ साली. ही बातमी तुमच्या दुकानापर्यंत पोचायची असेल तर घाई नाही, सावकाश येऊ द्या.

एक तक्रार मात्र गंभीर आहे. स्विचसाठी पत्र्याला भोक पाडताना मदरबोर्ड आतच ठेवलात. रॅमच्या खाचेशेजारी लोखंडाचा चकचकीत कीस पडलेला होता. भाच्याने तो चिकटपट्टीने कण कण उचलला. एखादा कण दोन पिनांमध्ये अडकला असता तर तुमचं 'मदरबोर्ड मारतोय' निदान एकदाचं खरं ठरलं असतं.

आता तिथे बेलचं पांढरं बटण आहे, इलेक्ट्रिकच्या दुकानातून किरकोळ पैशांत आणलेलं. त्यावर घंटेचं चित्रही आहे. भोक तुमच्या कृपेने मोठं पडल्यामुळे खाली प्लायचा तुकडा लावावा लागला.

राहता राहिला माझा जुना एसएमपीएस, जो 'भंगारात गेला' असं तुम्ही सांगितलंत. तो सध्या ज्या गिऱ्हाइकाच्या कॅबिनेटमध्ये नवा म्हणून फिरत असेल, त्यांचा पत्ता तेवढा कळवा. बिल त्यांच्याकडेही असेलच, आपण दोघं मिळून तुमच्याकडे येतो.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक गिऱ्हाईक