काटकसर, विशेष बाब म्हणून

राज्याची तिजोरी आटली की पहिला बळी जातो बिस्किटांचा. बैठकीत चहाबरोबर क्रीमची यायची ती ग्लुकोजची येतात, मग तीही दिसेनाशी होतात, आणि चाणाक्ष कारकून ओळखतो की आता काटकसरीचं परिपत्रक निघणार. कागद पाठपोट वापरा, जुने लिफाफे उलटून घ्या, जेवणाच्या सुट्टीत पंखे बंद करा. परिपत्रक स्वतः मात्र एका बाजूला छापलेलं असतं आणि त्याच्या प्रती राज्यपालांच्या सचिवांपासून निवडनस्तीपर्यंत सगळ्यांना जातात.

आमच्या सोसायटीतले भाऊसाहेब मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरीत त्यांनी अशी कितीतरी परिपत्रकं लिहिली. त्यांच्या मते काटकसरीचा आदेश लिहिणं अजिबात अवघड नाही. खरं कसब लागतं ते शेवटच्या परिच्छेदाला. वरचे दहा परिच्छेद दार बंद करतात. शेवटचा, ‘अपवादात्मक परिस्थितीत विशेष बाब म्हणून’ अशी सुरुवात करून, खिडकी उघडी ठेवतो. दार जनतेसाठी, खिडकी आपल्या माणसांसाठी.

आता २०२० सालचंच बघा. करोनाने सगळं ठप्प केलं होतं. एप्रिलमध्ये मंत्र्यांसह सगळ्या आमदारांच्या पगारात वर्षभरासाठी ३० टक्के कपात जाहीर झाली. आमच्यासारख्यांचे डोळे भरून आले. लगेच ४ मेला वित्त विभागाचा आदेश आला: विकासाच्या योजनांना तरतुदीच्या फक्त ३३ टक्के पैसे मिळतील, नवी कामं नकोत, नोकरभरती बंद. गावोगावी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत बसलेल्या पोरांनी पुस्तकं मिटली. आणि जुलै उजाडताच शालेय शिक्षण आणि क्रीडा खात्यांचे मंत्री व अधिकारी यांच्यासाठी सहा गाड्यांना मंजुरी मिळाली. एकेक गाडी २२ लाख ८३ हजारांची.

शाळा तेव्हा मार्चपासून बंद होत्या. मुलं घरात, मास्तर मोबाइलवर, आणि शिक्षण खात्याला गाडीची निकड! मी भाऊसाहेबांना विचारलं, बंद शाळांसाठी गाडी कशाला हवी? ते म्हणाले, “अहो, शाळा चालू असली की मंत्री शाळेत जाऊन बसतो. बंद असली की कुठली कुठली बंद आहे ते हिंडून बघावं लागतं. प्रवास वाढतो.”

पगारकपातीचं मर्मही त्यांनीच समजावलं. मंत्र्यावर सरकारचा जो खर्च होतो, त्यात पगार ही सगळ्यात किरकोळ बाब. मलबार हिलचा बंगला, त्याचे पडदे, त्याचा माळी, गाडी, डिझेल, चालक, खासगी सचिव, विशेष कार्य अधिकारी, स्वीय सहायक, पुढेमागे पोलीस, विमान, हेलिकॉप्टर, विश्रामगृह हे सगळं पगाराच्या पावतीत दिसत नाही. म्हणून मंत्री त्याग करतो तो पगाराचा. लग्नात अक्षता मोजून वाटायच्या आणि मांडव चार एकरांवर घालायचा, तशातला हा प्रकार. शिवाय पगार सोडल्याची बातमी येते, फोटो येतो. पडदे तसेच ठेवल्याची बातमी कोण देणार?

पगार वाढताना मात्र फोटोची हौस नसते, हे मंत्री-आमदारांच्या विनयाला शोभणारंच आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांचं मूळ वेतन प्रधान सचिवांच्या बरोबरीला नेणारं विधेयक आलं आणि चर्चेशिवाय मंजूर झालं. सत्ताधारी आणि विरोधक एकदिलाने नांदण्याचा असा सोहळा विधिमंडळात सहसा बघायला मिळत नाही. त्या आधीची दोन वर्षं मराठवाडा दुष्काळात होरपळत होता आणि लातूरला रेल्वेने पाणी जात होतं, पण हा काय त्या विधेयकाचा दोष नव्हे.

बचतीचा सर्वांत वेगवान प्रयोग मे २०२१ मध्ये झाला. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. उपमुख्यमंत्र्यांचं काम समाजमाध्यमांवरून लोकांपर्यंत पोचावं म्हणून बाहेरची कंपनी नेमायचा आणि वर्षाला सुमारे ६ कोटी खर्चायचा आदेश निघाला. ओरड झाली. दुसऱ्याच दिवशी खुद्द उपमुख्यमंत्र्यांनी आदेश रद्द करायला लावला. एका दिवसात ६ कोटी वाचले! याच पद्धतीने रोज एक खर्च मंजूर करून दुसऱ्या दिवशी रद्द केला, तर राज्यावरचं कर्ज दिवाळीपर्यंत फिटायला हरकत नाही.

तरी आपले लोक या कलेत अजून कच्चेच. सीमेपलीकडे बघा. २०१८ साली पाकिस्तानात इम्रान खान पंतप्रधान झाले तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. त्यांनी पंतप्रधान निवासातल्या महागड्या गाड्या लिलावात काढल्या आणि पाठोपाठ आठ म्हशीही. नवाझ शरीफ यांच्यासाठी तिथे म्हशी पाळल्या होत्या म्हणे. सप्टेंबरच्या अखेरीस त्या लिलावात उभ्या राहिल्या आणि सुमारे २३ लाख पाकिस्तानी रुपये आले. बाजारभावापेक्षा जास्त बोली लावणाऱ्यांत शरीफ यांचे चाहतेही होते, साहेबांची आठवण म्हणून म्हैस घरी नेणारे! म्हणजे नव्या पंतप्रधानांची काटकसर जुन्या पंतप्रधानांच्या पुण्याईवर फळाला आली. त्याच सुमारास इम्रान खान घरून कचेरीत हेलिकॉप्टरने येतात यावर टीका झाली, तेव्हा त्यांच्या माहितीमंत्र्यांनी सांगून टाकलं की हेलिकॉप्टरला किलोमीटरला पन्नास-पंचावन्न रुपयेच लागतात. आमच्या नाक्यावरच्या रिक्षावाल्याने हे ऐकलं असतं तर परमिट परत केलं असतं. पुढच्याच वर्षी त्या देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ६ अब्ज डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं. तोवर विकायला म्हशी उरल्या नव्हत्या.

आपल्याकडे मात्र काटकसर ताटात वाढून मिळते. जून २०२५ मध्ये मुंबईच्या विधान भवनात अंदाज समित्यांची राष्ट्रीय परिषद भरली. अंदाज समिती म्हणजे सरकारी खर्चात काटकसर कुठे करता येईल हे शोधून सांगणारी समिती. संसदेतल्या समितीला ७५ वर्षं झाली म्हणून हा सोहळा. देशभरातून आलेले पाहुणे दोन दिवस प्रशासनातल्या काटकसरीवर बोलले, आणि मग जेवायला बसले. चांदीचा मुलामा दिलेल्या थाळ्या, माणशी जेवण हजारोंच्या घरात, अशा बातम्या आल्या. विरोधकांनी आवाज उठवला. आयोजकांनी इन्कार केला: थाळ्या चांदीच्या नव्हत्याच, खर्चही तेवढा नव्हता. आपण इन्कारावर विश्वास ठेवू. प्रश्न एवढाच उरतो की काटकसरीच्या परिषदेतली थाळी चांदीची नाही, हे कुणाला तरी खुलासा करून सांगावं लागलं.

त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. त्यानंतर सप्टेंबरमध्ये सरकारी गाड्यांच्या किमतीची मर्यादा नव्याने ठरली. मंत्र्यांना ३० लाखांपर्यंतची गाडी घेता येईल. राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांना मर्यादाच नाही. त्याच महिन्यात मराठवाड्यात शेतं पाण्याखाली गेली होती. पाहणीला जायचं तर गाडी उंच हवी, हे विरोधकांच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे.

हे सगळं मांडून मी भाऊसाहेबांना म्हटलं, “पगार राहू द्या त्यांना. ताफ्यातली एक गाडी कमी करा.”

“कुठली?” त्यांनी चष्मा पुसला. “सगळ्यात पुढे पायलट. ती काढली तर रस्ता कोण मोकळा करणार? मग साहेबांची. तिच्यामागे पोलीस. मग पीए आणि निवेदनांच्या पिशव्या. मग कार्यकर्ते, त्यांना उतरवलं तर पुढच्या निवडणुकीत ते साहेबांना उतरवतील.”

“शेवटची तर रिकामीच असते.”

“ती राखीव. साहेबांची बंद पडली तर?”

“मग साहेबांचीच कमी करा. एसटीने जातील. आमदारांसाठी जागा राखून ठेवलेलीच असते तिथे.”

भाऊसाहेब दचकले. इकडेतिकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, “एसटीने? अहो, २०२५ च्या जानेवारीत भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलंय. एवढा बोजा तिजोरीला आत्ता परवडणार नाही.”