ओटीपीवाला ड्रॅक्युला

जुन्या भडक भयपटाचा नवा अवतार काढायचा तर तो बंगळुरूच्या महादेवपुऱ्यातच काढावा, असं माझं ठाम मत आहे. ते मला कुणी विचारलेलं नाही, हा भाग वेगळा. निवृत्त होऊन पुण्याहून मुलाकडे इथे आलेल्या माणसाला मतं फार होतात आणि विचारणारे कमी.

मूळ सिनेमा १९८५चा, टॉम हॉलंडचा 'फ्राइट नाइट'. शेजारच्या घरात एक देखणा गृहस्थ राहायला येतो. दिवसा दर्शन नाही, तळघरात शवपेटी, आणि समोरच्या खिडकीतून एक शाळकरी पोरगा हे सगळं टिपतोय. पोलीस त्याला वेड्यात काढतात. आई तर पाहुणचार म्हणून त्या पिशाच्चालाच घरात बसवते. शेवटी पोरगा टीव्हीवर भुताचे सिनेमे दाखवणाऱ्या एका पडेल नटाचे पाय धरतो. क्रिस सरँडनचं हे पिशाच्च अधूनमधून चक्क सफरचंद खातं. नुसत्या रक्तावर राहू नका, फळंही घेत जा, असं डॉक्टरने बजावलं असावं.

२०११ साली क्रेग गिलेस्पीने त्याचा रीमेक केला आणि कॉलिन फॅरेलला सुळे बसवले. गोष्ट नेली लास व्हेगासच्या बाहेरच्या वसाहतीत. हे डोकं मात्र मानलं. तिथले लोक रात्रपाळ्या करणारे, दिवसा खिडक्या काळ्या करून झोपणारे. पिशाच्चाला खपून जायला याहून बरी आळी कुठली? मी पाहता पाहता ओरडलोच, "अगं, ही तर आपली सोसायटी!"

"हळू बोला," सौ. म्हणाली, "प्रसाद झोपलाय."

सकाळचे अकरा वाजले होते.

आमचे चिरंजीव अमेरिकेच्या वेळेवर जगतात. संध्याकाळी उठतात, जाड पडदा बोटभर सरकवून बाहेर पाहतात आणि उजेड दिसला की "श्शी" म्हणून पुन्हा ओढून घेतात. चेहरा पिठुळ, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू. आमच्या टॉवरमध्ये अशी बरीच मंडळी आहेत. पिशाच्च आरशात दिसत नाही. मूळ सिनेमात तो नट खिशातल्या डबीच्या आरशात पाहूनच ओळखतो. इथे त्याची काय मातब्बरी? मीटिंगमध्ये कॅमेरा कुणाचाच चालू नसतो. खऱ्या पिशाच्चालाही इथे बढती मिळत राहील. घाम फुटेल तो एकाच मेलने: उद्यापासून आठवड्यातले तीन दिवस, सकाळी साडेनऊला, ऑफिसात.

घोडं अडतं ते निराळ्याच जागी. पिशाच्चाला बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही. फॅरेलने त्यावर तोडगा काढला. अंगण उकरून गॅसची नळी उपटली आणि घरच उडवून दिलं. घर नाही तर आमंत्रण कशाला? आमच्याकडे एवढा खटाटोप नको. गेटवर सिक्युरिटीवाला विचारतो, "यारु? फ्लॅट नंबर?" मग फोटो काढतो, सूनबाईच्या मोबाइलवर टिंग वाजतं आणि ती कॉलवर बोलता बोलता न बघताच 'अप्रूव्ह' दाबते. झालं रीतसर आमंत्रण. काळा झगा घातलेल्या इसमालाही ती "पार्सल दाराशी ठेवा" एवढंच म्हणेल.

याच शहरात नव्वदच्या दशकात लोकांनी दारांवर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहून ठेवलं होतं म्हणतात. रात्री फिरणारं भूत ते वाचायचं, परत जायचं, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. ही युक्ती पुढे २०१८च्या 'स्त्री' सिनेमात चंदेरीच्या भिंतींवर गेली. भूत वाचतं, शिवाय शब्द पाळतं, हे मला फार आवडतं. आमचा प्लंबर "नाळे बर्तीनि, सार" म्हणतो तेव्हा तो ना वाचतो, ना पाळतो.

आपल्याकडे पिशाच्चांचा तुटवडा कधीच नव्हता. भयकथाकार नारायण धारपांनी 'लुचाई' कादंबरीत स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'मधलं संकट मराठी घरात आणून सोडलं. रामसे बंधूंनी १९९०च्या 'बंद दरवाजा'त नेवला नावाचं पिशाच्च उभं केलं. ते साकारणारे अनिरुद्ध अग्रवाल रुरकीला शिकलेले सिव्हिल इंजिनिअर. म्हणजे हिंदी पडद्यावरचं पिशाच्च तेव्हापासूनच इंजिनिअर. त्याने बंगळुरूला यायला एवढा उशीर का केला, हेच कळत नाही.

पण रीमेक अडेल तो पिशाच्चापायी नव्हे, त्या खिडकीतल्या पोरापायी. ती गोष्ट चालते शेजाऱ्याच्या भोचकपणावर. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात पिशाच्च उतरलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या काकूंनी "काल रात्री उशीर झाला वाटतं?" असं विचारून त्याला अर्धमेलं केलं असतं. शवपेटी जिन्यातून चढवताना "सागवानी का हो?" झालं असतं. इथे आमच्या समोरच्या फ्लॅटबाहेर बूट पडलेले असतात, रात्री दोनला जेवणाच्या पिशव्या येतात, सकाळी त्या तशाच दाराला टांगलेल्या असतात. आत कोण राहतं? मजल्यावर कुणालाच पत्ता नाही. तिथे राहतो कोण हे विचारायला गेलो, तर सूनबाई म्हणाली, "बाबा, प्लीज, प्रायव्हसी असते लोकांची." पिशाच्चाला लसणीचं भय घालता येतं, प्रायव्हसीपुढे काय धरणार?

म्हणून माझी विनंती आहे ती दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांना. डोंबिवलीला त्यांनी 'झोंबिवली'त झोंबी दिले, कोकणाला 'मुंज्या' दिला, २०२५च्या दिवाळीत 'थामा'मध्ये बेताळांचीही सोय लावली. आता एक पिशाच्च महादेवपुऱ्यालाही द्यावं. भोचक शेजाऱ्याच्या भूमिकेसाठी दुसरीकडे शोधू नका, मी मोकळाच आहे आणि दुर्बीण घरची आहे. फक्त यायचं तर गाडी आणू नका, रिंग रोडवरच पहाट होईल. मेट्रोने या, सिंगय्यनपाळ्याला उतरा, आणि गेटवरून फोन करा. 'अप्रूव्ह' मी स्वतः दाबीन.