समुद्र चालेल, पण वरचा मजला

रायगड जिल्ह्याला समुद्रकिनारा भरपूर आहे, पण त्यातला वीतभरही महाड-पोलादपूरच्या वाट्याला आलेला नाही. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन वगैरे मंडळींनी तो आपापसात वाटून घेतला आणि आम्हाला घाट दिले. त्यामुळे 'आम्ही रायगडचे' म्हटल्यावर समोरचा "वा! म्हणजे घरातून समुद्र दिसत असेल!" म्हणतो, तेव्हा आम्ही नुसते हसतो. घरातून ट्रक दिसतात. आम्ही पर्यटनस्थळ नाही, पर्यटनस्थळाच्या वाटेवरचे आहोत. गोव्याला निघालेला माणूस आमच्याकडे चहा पितो. महाबळेश्वरला निघालेला पोलादपुरात उलटीची गोळी घेतो, कारण पुढे आंबेनळी घाट आहे. रायगडावर निघालेला रोपवे किती वाजता बंद होतो ते विचारतो. लोकांना वाट दाखवण्यात आमच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या. आम्ही स्वतः कुठे जायचं, हे आम्हाला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

ते न्यू जर्सीच्या पुतण्याने विचारलं. दादा-वहिनींच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार, तर सगळं कुटुंब कॅरिबियनमधल्या एखाद्या बेटावर, समुद्राकाठच्या आलिशान रिसॉर्टमध्ये जमवायचं, असा त्याचा बेत. "काका, खर्चाचं माझ्याकडे. तुम्ही फक्त रिसॉर्ट निवडा," असं म्हणून त्याने भलामोठा तक्ता पाठवला. उभ्या रांगेत रिसॉर्टं, आडव्या रांगेत गुण: वाळूचा रंग, पाण्याचा निळेपणा, खोलीच्या दारापासून लाटेपर्यंत पावलं किती. शेवटचा रकाना रिकामा होता, त्यात प्रत्येकाने आपलं मत द्यायचं. भारतीय लोकशाहीचा त्याला अनुभव नाही. लहानपणीच गेला बिचारा.

पहिलं मत दादांनी दिलं आणि ते रिसॉर्टला नव्हतंच. दादांचं कॅरिबियन १९७१ साली सुरू होतं आणि तिथेच संपतं. वाडेकरांचा संघ, पोर्ट ऑफ स्पेनचा विजय, सरदेसाईंच्या ६४२ धावा आणि पहिल्याच मालिकेत गावसकरांच्या चार कसोटींत ७७४. बेटं त्यांना मैदानांवरून कळतात. जमैका म्हणजे सबीना पार्क, बार्बाडोस म्हणजे केन्सिंग्टन ओव्हल. ज्या बेटावर कसोटी होत नाही, ते बेट त्यांच्या लेखी अजून पाण्याखालीच आहे. "पोर्ट ऑफ स्पेनला घे," ते म्हणाले. पुतण्याने समजावलं की बाबा, ते शहर आहे, बंदर आहे, रिसॉर्टवाले टोबॅगोला जातात. "मग मैदानाच्या बाजूची खोली बघ." इतक्यात धाकट्या पुतण्याने आठवण करून दिली की २००७ च्या विश्वचषकात बांगलादेशने आपल्याला हरवलं, ते याच मैदानावर. दादांनी चष्मा काढून ठेवला आणि मत मागे घेतलं.

आत्याला, म्हणजे आमच्या वडिलांच्या धाकट्या बहिणीला, देऊळ हवं होतं. समुद्र म्हणजे तिच्या मते हरिहरेश्वर. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग ओहोटी बघून कड्यातल्या पायऱ्यांनी खाली उतरून खडकांवरून प्रदक्षिणा. देव नसलेल्या समुद्रावर नुसतं जाऊन बसायचं, हे तिला रिकामटेकडेपणाचं वाटतं. पण कॅरिबियन आत्याला भारी निघालं. त्रिनिदादमध्ये वॉटर्लू नावाच्या गावी समुद्रात बांधलेलं देऊळ आहे. सिवदास साधू नावाच्या मजुराने आधी ते किनाऱ्यावर बांधलं. जमीन साखर कंपनीची निघाली, देऊळ पाडलं गेलं आणि साधूला तुरुंगात टाकलं. सुटून आल्यावर तो म्हणाला, जमीन तुमची तर तुमची, समुद्र तर कुणाचा नाही? आणि सायकलवरून दगडमाती वाहून त्याने वर्षानुवर्षं खपून समुद्रातच देऊळ उभं केलं. हे ऐकून आत्याने तिथल्या तिथे हात जोडले. "तिकडेच जाऊ. प्रदक्षिणेला ओहोटी किती वाजता असते, तेवढं विचार."

इथे घोटाळा झाला. पुतण्याने शोधून सांगितलं की कॅरिबियन समुद्रात भरती-ओहोटीतला फरक बहुतेक ठिकाणी अर्धा मीटरही नसतो. आत्याला ते पटेना. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत पाणी पुरुषभराच्या वर चढतं आणि तितकंच उतरतं. "भरती नाही, ओहोटी नाही, मग तो दिवसभर करतो काय?" पण त्यातूनच मला त्या तक्त्यातलं एक कोडं सुटलं. ही रिसॉर्टं लाटेपासून दहा-वीस पावलांवर कशी उभी राहतात? समुद्र जागचा फारसा हलत नाही, म्हणून. आपल्याकडे असं कुणी बांधलं, तर अमावास्येला लाटा दुपारच्या जेवणाला येतील.

भरतीचा विषय निघाला की महाडकर गप्प बसू शकत नाही. आम्हाला समुद्र नाही, पण त्याचं वेळापत्रक पाठ आहे. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, उतरते पोलादपुरात, येते महाडला आणि पुढे बाणकोट-हरिहरेश्वरच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिकडे वर घाटात पाऊस कोसळला आणि त्याच वेळी इकडे खाडीला भरती आली, की नदीला पुढे जागा मिळत नाही आणि ती वाटेत आमच्याकडे मुक्काम करते. महाबळेश्वर ते हरिहरेश्वर हा पर्यटनाचा उत्तम दौरा ती दर पावसाळ्यात फुकट करते. राहण्याजेवण्याचं तेवढं आमच्याकडे. म्हणून जुलै महिन्यात महाडच्या किराणा दुकानदाराला साखरेचा भाव माहीत नसेल एक वेळ, पण भरती किती वाजता आहे ते माहीत असतं.

आता अशा माणसापुढे तुम्ही तक्त्यातलं सगळ्यात महागडं रिसॉर्ट ठेवता. पाण्यावर खांब रोवून बांधलेली झोपडी. खोलीच्या जमिनीला काच, काचेखाली समुद्र, समुद्रात मासे. एका रात्रीच्या भाड्याचा आकडा बघून मला वाटलं, तो फोन नंबर आहे. पुतण्या कौतुकाने म्हणाला, "काका, जमिनीखाली पाणी दिसतं!" बाळा, जमिनीखालचं पाणी बघायला पैसे द्यायचे? जुलै २०२१ च्या महापुरात आम्ही ते जमिनीवर पाहिलं, खिडकीच्या वर पाहिलं आणि माळ्यावर बसून दिवसभर पाहिलं. बाजारपेठेत कित्येक भिंतींवर अजून रेघ आहे. सुकट गल्लीत पाणी आलं की आपल्याकडे यायला किती वेळ लागेल, हा हिशोब ज्याला पाठ आहे, त्याला 'दारातून थेट पाण्यात' हे वाक्य जाहिरात वाटत नाही; धोक्याचा भोंगा वाटतो. मी तक्त्यात एक नवा रकाना घातला: खोली कितव्या मजल्यावर? पुतण्याने सगळीकडे शून्य भरलं. आलिशान म्हणजे तळमजला, असं तिकडचं समीकरण आहे. वरचे मजले स्वस्त असतात म्हणे. मला तर लॉटरीच लागली.

माझी बायको माहेरची पोलादपूरची. तिला पाण्याची फिकीर नाही, तिची नजर वर असते. पुतण्याने सेंट लुशियाचा फोटो पाठवला. समुद्रातून सरळ उठलेले हिरवेगार दोन सुळके, जागतिक वारशाच्या यादीत असलेले, उंचीने आपल्या रायगडाच्या थोडेच खाली, आणि त्यांच्या बरोबर मध्ये, पायथ्याला, रिसॉर्ट. फोटो बघून सगळ्यांच्या तोंडून "अहाहा" निघालं. हिच्या तोंडून निघालं, "पावसाळ्यात हे खाली येत नाही का?" पुतण्या म्हणाला, काकू, हा ज्वालामुखीचा खडक आहे, हजारो वर्षं उभा आहे. "आमच्याकडचेही उभेच होते," ती म्हणाली. यावर कुणी काही बोललं नाही. २००५ आणि २०२१ च्या जुलैतल्या दरडींनंतर आमच्या दोन्ही तालुक्यांत डोंगराचं कौतुक जरा लांबूनच करतात. सेंट लुशियाच्या रांगेवर तिने काट मारली आणि तक्त्यात दुसरा नवा रकाना आला: मागे डोंगर आहे का?

तिसरा प्रश्न वहिनींचा. "वादळं होतात का तिकडे?" होतात, १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडचा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम. ३ जून २०२० ला 'निसर्ग' श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा वहिनींच्या माहेरची पोफळीची वाडी एका दुपारीत आडवी झाली. "म्हणजे जूनमध्ये येतं तेच, फक्त मुक्काम जास्त," वहिनी म्हणाल्या. एवढा पैसा खर्चून माणसं पृथ्वीच्या पलीकडे जातात आणि तिथे पुन्हा आपलाच पावसाळा गाठतात, हे त्यांना काही झेपलं नाही.

जेवणाचं मात्र सगळ्यांना आवडलं. यातली बहुतेक रिसॉर्टं ऑल इन्क्लुझिव्ह. म्हणजे पैसे एकदाच द्यायचे आणि मनगटाला पट्टी बांधून घ्यायची. मग पट्टी दाखवून दिवसभर कुठेही बसून काहीही खायचं. "हे तर लग्नघर झालं," आत्या म्हणाली, "पट्टी कशाला, तर वऱ्हाडी कोण आणि उगाच जेवून जाणारा कोण ते कळायला." तिथल्या एका रिसॉर्टच्या खास पदार्थांत भाजलेल्या नीरफणसाचे काप होते. फोटो बघून बायको उठून बसली. ते झाड आमच्या परड्यात आहे. कॅप्टन ब्लाय नावाच्या इंग्रज दर्यावर्दीने नीरफणसाची रोपं ताहितीहून जहाजात भरून १७९३ मध्ये तिकडे पोचवली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून. त्याआधीच्या खेपेला खलाशांनी बंड केलं आणि त्याला होडीत बसवून समुद्रात सोडून दिलं होतं. "नीरफणसावरून बंड?" बायको म्हणाली, "काप जाड कापले असतील."

आणि मग प्रवास. बार्बाडोस, जमैका भारतीय पर्यटकाकडे व्हिसा मागत नाहीत, हे ऐकून आम्ही खूश झालो. पण मुंबईहून तिथे थेट विमान नाही. लंडन किंवा अमेरिकेत उतरून दुसरं विमान धरायचं, आणि त्या मधल्या देशांना आपण नुसते उतरलो तरी कागद लागतात. दादांना हे अगदी सवयीचं वाटलं. गंतव्य स्थानाला हरकत नाही, अडचण वाटेतल्यांची आहे, हे मुंबई-गोवा महामार्गावर राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. २०११ पासून आम्ही त्याचं रुंदीकरण बघतोय. न्यू जर्सीहून मुंबईला विमान पंधरा-सोळा तासांत येतं. मुंबई ते महाड किती तास, हे छापायची हिंमत कुठल्याही वेळापत्रकात नाही.

तक्ता भरून झाला. कुठल्याही बेटाला दोन मतं मिळाली नव्हती, आणि आमच्या नव्या रकान्यांनी निम्मी बेटं बाद केली होती. पुतण्या वैतागून म्हणाला, "काका, तुम्हाला नेमकं हवंय तरी काय? सगळं जग पाण्याजवळ जायला धडपडतं!" त्याला मी दासगावची गोष्ट सांगितली. रस्ते धड नव्हते त्या काळात मुंबईचे गोरे साहेब उन्हाळा लागला की गलबतात बसून बाणकोटच्या खाडीत शिरत आणि दासगावला उतरत. तिथून पालख्या-डोल्या करून महाड, पोलादपूर मागे टाकत घाट चढून महाबळेश्वर गाठत. मुंबईत त्यांच्या बंगल्यांसमोर अख्खा समुद्र होता. त्याचाच त्यांना उबग आला होता. माणूस सुट्टीची जागा आवडीने निवडतो, असं जाहिरातवाल्यांना वाटतं. तो ती आपल्याला कशाने दमवलंय ते बघून निवडतो. न्यू जर्सीच्या बर्फाने दमलेला निळं पाणी मागेल. आम्हाला कोरडा जिना हवाय.

शेवटी सुट्टी नाताळात, जागा हरिहरेश्वर. नाताळात पाऊस नाही आणि वादळाचा हंगामही सरत आलेला. विमान पुतण्याने धरायचं, आम्ही टोळ फाट्यावरून आंबेत, म्हसळा करत जायचं. तारीख ओहोटी भर दुपारी येईल अशी आत्याने काढली. दादांना बायकापोरांसह वाळूत कसोटी खेळायला मिळणार होती, आणि नीरफणस आम्ही घरचाच नेणार होतो. एका घरगुती राहण्याजेवण्याच्या ठिकाणी मी फोन लावला. मालक हसतमुख वाटला.

"या की! सी व्ह्यू देऊ? अगदी बीच टच खोली आहे, पायरी उतरली की वाळू."

"ती नको. वरचा मजला आहे का?"

"आहे, पण तिथून समुद्र नारळांतून थोडाच दिसतो."

"तेवढा पुरे."

एवढ्यात बायको माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "अहो, मागे डोंगर नाही ना, ते विचारा."

मी विचारायच्या आधीच पलीकडून आवाज आला, "डोंगर नाही म्हणावं, वाडी आहे. तुम्ही महाडचे ना? आणि वहिनी पोलादपूरच्या?"